नाव कुठल्या गावचं?

पुण्याच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३२, नोकरी करतात, पहिली मुलगी सात महिन्यांची. बारशाआधी त्यांच्या आईने पंचांग बघून मृगाचा चौथा चरण आणि ‘की’ अक्षर सांगितलं. कीर्ती म्हणावं तर नणंदेचं नावच कीर्ती, किशोरी जुनं वाटलं. फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये ‘कियारा’ सापडलं, आणि पुढे लिहिलं होतं: ‘संस्कृत. तेजाचा पहिला किरण.’ आत्याने कानात कुर्र केलं, पेढे वाटले. मग सासरे, निवृत्त मराठीचे शिक्षक, मूळ कोल्हापूरकडचे, कोश घेऊन बसले आणि म्हणाले, हा शब्द संस्कृतात नाही, मराठीत नाही. असलं परकं, निरर्थक नाव आमच्या घरात नको, शास्त्रातही नावाला अर्थ हवा असं लिहिलंय. दुसऱ्या अ‍ॅपवर अर्थ निघाला ‘काळ्या केसांची’, तिसऱ्यावर ‘स्वच्छ’. नवरा म्हणतो, तुम्ही दोघं ठरवा. सासरे मुलीला चिडवून ‘कैरी’ म्हणतात, ‘आणि लबाड, त्याच हाकेला मान वळवते’. मैत्रीण लिहिते: ‘हल्ली तिला नावाने हाक मारताना माझाच आवाज खाली जातो. जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना अजून कोरा आहे. बदलून टाकू का? एवढी साधी गोष्टही मी तपासली नाही, हे मनातून जात नाही.’

प्रिय मैत्रिणी,

आधी सासऱ्यांच्या बाजूने बोलते, राग मानू नका. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मीही आपट्यांचा संस्कृत कोश काढला, मोनियर-विल्यम्सचा काढला. ‘कियत्’ म्हणजे किती, हा शब्द आहे. ‘कियाह’ नावाचा तांबडा घोडासुद्धा आहे. कियारा नाही. अ‍ॅपने तुम्हाला थाप मारली.

पण अ‍ॅपने थाप मारली म्हणून नाव निरर्थक ठरतं का? आणि परकं म्हणजे नेमकं कुणाला परकं? या दोन गोष्टी तुम्ही, आणि सासऱ्यांनीही, एकाच पिशवीत घातल्या आहेत. त्या वेगळ्या करू.

कियाराचं मूळ शोधायला गेलं तर दोन वाटा दिसतात. एक इटलीची. तिथे ‘क्यारा’ हे जुनं, घरोघरचं नाव, लॅटिन ‘क्लारा’वरून आलेलं, अर्थ उजळ, स्वच्छ. तेराव्या शतकातली असिसीची संत क्लेअर तिच्या गावात क्याराच होती. दुसरी वाट आयर्लंडची. तिथलं ‘कीरा’ हे ‘किअर’ या आयरिश शब्दावरून येतं, म्हणजे काळा, सावळा. म्हणून एक अ‍ॅप स्वच्छ म्हणतं, दुसरं काळ्या केसांची म्हणतं, आणि दोघांनाही पूर्ण खोटं म्हणता येत नाही. एकमेकांच्या अगदी उलट अर्थाची दोन नावं रोमन अक्षरांत शेजारी आली आणि भारतात येईपर्यंत एक झाली. तिसरा, संस्कृतचा अर्थ मात्र कुणीतरी वरून चिकटवला. ‘की’वरून मुलीचं नाव शोधणाऱ्या आया पुष्कळ असतात आणि त्यांना संस्कृतच हवं असतं, हे त्या अ‍ॅपवाल्याला ठाऊक होतं.

याच किअरपासून आयर्लंडमध्ये मुलांचं एक नाव होतं, किअरन, ‘छोटा सावळा’. आपल्या कानाला ते किरणच ऐकू येतं. सासऱ्यांनी उद्या ‘कियारा नको, किरण ठेवा’ म्हटलं, आणि ते म्हणतील असं मला वाटतं, तर पुण्यात तो उजेड असेल आणि डब्लिनमध्ये अंधार. नाव चुकलं का? नाही. आपण राहतो कुठे, यावर ते ठरतं.

अस्सल संस्कृत शब्द घेतला म्हणजे माणूस सुटतो, असंही नाही. गेल्या काही वर्षांत वर्गावर्गात आरव आहेत. अ‍ॅपवर अर्थ ‘शांत’. कोशात ‘आरव’ म्हणजे आवाज, ओरडा. (बाळाच्या बाबतीत कोशाचं म्हणणंच जास्त खरं.) त्या आयांनीही तुमच्यासारखंच रात्री अकरा वाजता, मांडीवर बाळ घेऊन, एका हाताने फोन चाळला असणार. हे मी त्यांना हिणवायला सांगत नाही. तुम्ही ‘साधी गोष्ट तपासली नाही’ म्हणता ना, ती तितकी साधी नाही एवढंच सांगायचं आहे.

आता शास्त्राचं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चारायला सोपं, स्पष्ट अर्थाचं, गोड आणि दीर्घ स्वरात संपणारं असावं असा श्लोक आहे. सासरे बहुधा त्याबद्दलच बोलत असावेत. पण पुढच्याच अध्यायात असंही आहे की नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. म्हणजे रोहिणी बाद, तुळसा बाद, गोदावरी, कृष्णा, गंगा सगळ्या बाद. महाराष्ट्राने हे कधी मनावर घेतलं नाही, आणि बरं झालं. तुमच्या आईच्या अक्षराचंही तसंच. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, एकूण १०८ अक्षरं. त्यात हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो आणि आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’. ‘ण’ने सुरू होणारं नाव कुणी ठेवून दाखवावं! अशा वेळी जोशीबुवाही दुसरं अक्षर सुचवून मोकळे होतात. नियम पाळणाऱ्यांनीही नेहमी पळवाट ठेवलेली आहे.

परकेपणाबद्दल तर मला तुमच्या पत्रातच एक गोष्ट सापडली. सासऱ्यांचा निरोप तुम्ही जसाच्या तसा पाठवलात, त्याखाली त्यांचं नाव आहे. ते छापत नाही, पण त्याची सुरुवात दौलत, हैबत, गुलाब यांपैकी एका शब्दाने होते एवढं सांगते. दौलत आणि हैबत अरबी. गुलाब फारसी, आणि मुळात तो गुलाबपाण्याचा शब्द, ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. पुढे ‘राव’ लागला आणि ही नावं इतकी मराठी झाली की कोल्हापूर-साताऱ्याकडे त्यांच्याशिवाय पंगत पुरी होत नाही. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. तेव्हाही कुणीतरी कपाळाला आठी घातली असेल. हे सासऱ्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका हं. ऐकवलंत तर जिंकाल आणि मग सहा महिने घरात कुणी बोलणार नाही.

अर्थाला काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणतेय का? नाही. अर्थ लागतो, आणि कधीकधी फार लागतो. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने एका कार्यक्रमात २८५ मुलींची नावं बदलली. त्या सगळ्या नकुशी, नकोशा होत्या. मुलगा हवा होता आणि पुन्हा मुलगी झाली, म्हणून ठेवलेली नावं. तुर्कस्तानातही मुलींचं एक नाव आहे, ‘येतेर’, अर्थ ‘पुरे’. या नावांचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. वर्गात हजेरी घेतली की सगळ्यांना तो ऐकू येतो, आणि मुलीला सगळ्यात आधी. तुमची मुलगी पुण्यात वाढणार. तिथे कियारा ऐकून ‘काळ्या केसांची’ कुणाच्या मनात येणार नाही, आणि आलं तरी त्यात वाईट काय?

पण अर्थ वाईट म्हणून नावही वाईट, हेही सरळ नाही. आपल्याकडे मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत. दगडाला, केराला कोण नजर लावणार, म्हणून. (धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मलेलाही धोंडूच.) मंगोलियात याच भीतीपोटी ‘नेरगुइ’ म्हणतात, अर्थ ‘नाव नाही’. दुष्ट शक्ती शोधत आल्या तर त्यांना कुणी सापडूच नये! नकुशी आणि दगडू ही दोन्ही नावं शब्दशः बघितली तर मुलाला कमी लेखणारी. पहिल्यात नकार आहे, दुसऱ्यात जिवाच्या आकांताने धरून ठेवणं आहे. कोश हा फरक सांगू शकत नाही. ते नाव कुणी, का ठेवलं, हे माहीत असेल तरच तो कळतो. आणि पुढे माणूस त्या नावाचं काय करतो, तेही बघा. धोंडो केशव कर्वे म्हटलं की कुणाला दगड आठवतो? पुण्यात तर गणपतीच दगडूशेठ या नावाने ओळखला जातो आणि रांगेत उभं राहणाऱ्या कुणालाही त्यात विचित्र वाटत नाही.

‘नाव म्हणजे एक शब्द, आणि त्याचा एक अर्थ’ हा साचाही सगळीकडे नसतो. घानातल्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मला तो कोफी, शनिवारी जन्मला तो क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ला जन्मले, वार शुक्रवार. आपल्या आदिवासी पाड्यांवर सोमा, बुध्या असतात, तसंच. तिथे ‘अर्थ काय’ विचारलं तर उत्तर ‘शुक्रवार’, बस. जपानमध्ये याच्या उलट. ‘अकिको’ हे नाव कानाला एकच, पण आई-बाप ते लिहिताना चिन्हं निवडतात. एका चिन्हाने ते ‘उजळ’ होतं, दुसऱ्याने ‘शरद ऋतू’, तिसऱ्याने ‘स्फटिक’. आवाज सगळ्यांचा, अर्थ त्या घराचा. ही जपानी रीत मला फार आवडते. तुमच्या प्रश्नाला तिच्याइतकं जवळचं दुसरं काही मला सुचत नाही.

मात्र इथे एक मोह आवरायला हवा, कारण तो मलाही झाला. सासरे ‘कियारा की क्यारी’ असं म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. हिंदीतली क्यारी, आपला वाफा, हा शब्द संस्कृत ‘केदार’कडून आला आहे. केदार म्हणजे पाणी धरणारं शेत. आणि कोल्हापूरकरांच्या जोतिबाला केदारनाथ, केदारलिंग म्हणतात! क्षणभर वाटलं, झालं काम, सासऱ्यांना हेच सांगा. पण कियारा हे नाव क्यारीवरून आलेलं नाही. तसं सांगितलंत तर तुमच्यात आणि त्या अ‍ॅपमध्ये फरक काय राहिला? ‘हे नाव इटली-आयर्लंडकडून आलंय, आम्हाला आवाज आवडला, आणि योगायोगाने ते आपल्या केदारच्या शेजारी येऊन बसतं’ इतकं म्हणा. ते खरं आहे, आणि मराठीच्या शिक्षकाला यातली गंमत कळेल.

आता तुमच्यापुढचे मार्ग.

नाव बदलायचं असेल तर वेळ आहे, पण मुदत ध्यानात ठेवा. जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा नाव चढलं की मग बदलायला राजपत्र, कागद, खेपा. आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळेच्या प्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, तेव्हा तो रकाना घाईत भरू नका आणि विसरूनही जाऊ नका. तुमची मुलगी १ मे २०२४नंतरची आहे, म्हणजे राज्याच्या नियमाप्रमाणे तिच्या नावापुढे आधी तुमचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागेल. चारही एकत्र मोठ्याने म्हणून बघा. रोमन अक्षरांतलं आणि देवनागरीतलं स्पेलिंग (कियारा की किआरा?) आजच ठरवून एका कागदावर लिहून ठेवा. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, यातून पुढे जो ताप होतो त्यापुढे सासऱ्यांचा कोश काहीच नाही.

दोन नावं ठेवायची, पाळण्यातलं एक आणि व्यवहारातलं दुसरं, ही आपली जुनी सोय आहे आणि चांगली आहे. फक्त दोन्ही दाखल्यात घालू नका.

आणि ज्यांचं बारसं अजून व्हायचं आहे, त्यांनी अ‍ॅपवर ‘संस्कृत’ लिहिलेलं दिसलं की आपटे किंवा मोनियर-विल्यम्स बघावा. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. मराठीसाठी मोल्सवर्थ आहे. नाव दुसऱ्या भाषेचं असेल तर त्या भाषेच्या माणसाकडून एकदा ऐकावं. समीरसारखी नावं दोन्हीकडे छान बसतात, संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पा मारणारा सोबती. प्रत्येक नावाचं नशीब तसं नसतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारल्यासारखं ते ओरडून बघावं. ही परीक्षा माझी स्वतःची आहे.

माझं स्वतःचं सांगते. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ, सोन्याची अंगठी, सगळं रीतसर. नवं नाव अर्थाने फार सुंदर होतं, कोशात सापडणारं, शास्त्रशुद्ध. वर्षभर त्या हाकेला ओ द्यायचं माझ्याकडून राहून जायचं. सासूबाई तीनदा हाक मारायच्या, मी पोळ्या लाटत असायची. त्यांना वाटायचं मी मुद्दाम करते. शेवटी त्याच कंटाळल्या आणि माझं जुनं नाव घ्यायला लागल्या. त्या नावाचा अर्थ आजही मला नीट सांगता येत नाही.

म्हणून मला विचाराल तर कियाराच राहू द्या. तुम्हा दोघांना आवडलं, आत्याने कानात सांगितलं, एवढं त्या नावाच्या मागे उभं आहे. ‘तेजाचा पहिला किरण’ मात्र सोडून द्या. मुलीला मोठेपणी तो अर्थ सांगू नका, खरी गोष्ट सांगा. खरी गोष्ट जास्त मजेची आहे.

आणि सासऱ्यांशी बोला, पण संस्कृताबद्दल नको. पत्रात तुम्ही सगळ्यांबद्दल लिहिलंत. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, एवढं एक वाक्य त्यांच्याबद्दल आहे. त्यांचं नाव पत्रात नाही. आपल्याकडे नातीला आजीचं नाव ठेवायची रीत आहे. ते माणूस तोंडाने बोललं नसेल, कदाचित बोलणारही नाही. कोश काढून बसेल. बारशाच्या आधी त्यांना कुणी विचारलं होतं का? माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण एका संध्याकाळी नवरा घरी नसताना, चहा ठेवून, ‘आईंचं नाव कुणी ठेवलं होतं?’ एवढंच विचारून बघा. पाळण्यातलं नाव म्हणून ते लावायचं की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल, आणि त्याला पंचांगातल्या ‘की’ची गरज नाही.

राहता राहिली कैरी. मुलं आपल्या नावाची हाक ओळखायला लागतात ती साधारण याच वयात. तुमची मुलगी कैरीला मान वळवते, म्हणजे आजोबा दिवसातून कितीदा तिला हाक मारत असतील बघा. पुढच्या वेळी ते ‘कैरी’ म्हणाले की रागावू नका. ‘आजोबा, कैरी आत्ताच झोपलीय’ असं एकदा तुम्हीच म्हणून बघा. मग ते काय म्हणतात, ते मला नक्की कळवा.